वर्ग सोडण्यापूर्वी

सांगली

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी या सत्राअखेर सोडावी आणि पूर्ण वेळ कादंबरीला द्यावा, असे तुझ्या मनात आहे आणि त्यावर आम्हा दोघांचे मत तू विचारले आहेस. बाबांनी त्यांचे मत एका वाक्यात सांगितले: निर्णय तुझा आहे आणि घर तुझेच आहे. माझे मत एका वाक्यात मावणारे नाही, म्हणून हे पत्र.

तुझी ओढाताण मला दिसते. तासांप्रमाणे मिळणारे आणि तेही महिनोन्‌महिने रखडणारे मानधन, पेपर तपासण्याचे गठ्ठे आणि दर सत्राला नव्याने द्यावी लागणारी मुलाखत यांविषयी तू जे लिहिलेस त्यातला शब्दही मला खोडायचा नाही. मला पटले नाही ते एकच विधान आहे. शिकवणे आणि लिहिणे एकमेकांच्या मुळावर येतात, असे तू म्हणतेस आणि दाखल्यासाठी अमेरिकन कवी-कादंबरीकार ओशन वुओंग यांचे नाव घेतेस, जणू ते सारे काही सोडून लेखनाला वाहून घेतल्यामुळेच लेखक झाले. गणपतीत तू घरी ठेवून गेलेली त्यांची कादंबरी मी सावकाश, शब्दकोश जवळ ठेवून वाचली आणि मग त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेले. ही कारकीर्द मला जेवढी समजली तेवढी ती तुझ्या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देते.

त्यांचा जन्म 1988 सालचा, व्हिएतनाममधला. युद्ध संपून तेरा वर्षे झाली होती, पण त्या युद्धाची सावली घरातच होती, कारण त्यांच्या आईचे वडील अमेरिकन सैनिक होते. फिलिपिन्समधल्या निर्वासितांच्या छावणीतून हे कुटुंब अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी आले तेव्हा मूल दोन वर्षांचे होते. वडील लवकरच दुरावले. आई, आजी आणि मावशी यांच्या घरात ते वाढले. आई नखे रंगवण्याच्या दुकानांत दिवसभर रसायनांच्या वासात बसून परक्या बायकांच्या हातापायांची निगा राखत असे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. मुलालाही वाचन जमू लागले ते अकराव्या वर्षी. ज्या जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी दीड दिवसाच्या शाळेच्या बळावर 'फकिरा' लिहिली, त्या जिल्ह्यातल्या माणसांना उशिरा आलेल्या अक्षरांविषयी अधिक काही सांगायला नको. पण अण्णाभाऊंना शाळेने बाहेर ठेवले, आणि वुओंग यांना मात्र पुढे एकामागून एक वर्ग मिळत गेले. माझे सारे म्हणणे या फरकाभोवती आहे.

शाळकरी वयात त्यांनी तंबाखूच्या शेतात मजुरी केली. त्यानंतर खाण्याच्या साखळी दुकानांतही कामे केली. न्यूयॉर्कला एका विद्यापीठात विपणनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातले, कारण आईच्या हाताला विसावा मिळेल अशी नोकरी हवी होती. तो अभ्यासक्रम त्यांनी काही आठवड्यांतच सोडला. तू बहुधा याच सोडण्याला 'सारे सोडणे' म्हणत असावीस. पण ते तिथून उठून एकांतात लिहायला गेले नाहीत. ते ब्रुकलिन कॉलेजात गेले आणि तिथे साहित्य शिकू लागले. एका वर्गातून उठून ते दुसऱ्या वर्गात जाऊन बसले. तिथे त्यांना शिकवायला बेन लर्नर होते, आणि लर्नर हे स्वतः कवी असून पुढे कादंबरीकडे वळलेले, आणि हे सर्व करत असताना शिकवत राहिलेले गृहस्थ आहेत. म्हणजे कविता, कादंबरी आणि अध्यापन एका माणसाच्या आयुष्यात एकत्र नांदू शकतात याचा जिवंत पुरावा त्या मुलाच्या समोर फळ्यापाशी उभा होता. हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्यानंतर न्यूयॉर्क विद्यापीठातून त्यांनी काव्यलेखनाची पदव्युत्तर पदवी घेतली.

आता त्यांच्या पुस्तकांचा काळ पाहा. पहिली छोटी काव्यपुस्तिका 2010 ची, दुसरी 2013 ची. 'नाइट स्काय विथ एक्झिट वून्ड्‌स' हा पहिला पूर्ण संग्रह आला 2016 मध्ये, आणि तोही केवळ कविता छापणाऱ्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या एका प्रकाशनाकडून. त्याच वर्षी नवोदित लेखकांसाठीचा 50,000 डॉलरचा व्हायटिंग पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षासाठीचे, कवितासंग्रहाला दिले जाणारे टी. एस. एलियट पारितोषिक त्या संग्रहाने मिळवले, जे पहिल्याच संग्रहाला मिळणे ही अपूर्वाई आहे. 'ऑन अर्थ वी आर ब्रीफली गॉर्जस' ही पहिली कादंबरी 2019 ची आणि त्याच वर्षी मॅकआर्थर शिष्यवृत्ती. या शिष्यवृत्तीत तेव्हा पाच वर्षांत मिळून 6,25,000 डॉलर दिले जात आणि ते कसे खर्च केले याचा हिशेब कोणी मागत नसे. त्या वेळी ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील लेखन विभागात शिकवत होते. ज्याच्या पोटापाण्याची चिंता इतक्या निश्चितपणे मिटली आहे आणि ज्याची कादंबरी हातोहात खपते आहे, त्याने वर्ग सोडला असता तर कोणीही नावे ठेवली नसती. त्यांनी सोडला नाही. 2022 मध्ये ते न्यूयॉर्क विद्यापीठात, जिथे स्वतः शिकले होते त्याच अभ्यासक्रमात, शिकवायला गेले. त्याच वर्षी 'टाइम इज अ मदर' हा दुसरा संग्रह आला, आणि 2025 मध्ये 'द एम्परर ऑफ ग्लॅडनेस' ही दुसरी कादंबरी. दोन कादंबऱ्यांमध्ये सहा वर्षे आहेत आणि त्या सहाही वर्षांत शिकवणे चालू आहे. शिकवणे ही केवळ पोटासाठी पत्करलेली वेठ असती, तर पोटाची सोय झाल्यावर ती संपायला हवी होती.

पहिल्या कादंबरीविषयी थोडे थांबून लिहायचे आहे. ही कादंबरी म्हणजे मुलाने आईला लिहिलेले दीर्घ पत्र आहे, आणि ती आई वाचू शकत नाही. पत्र पोहोचणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच त्या मुलाला सर्व सांगता येते: घरातली मारझोड, आजीच्या डोक्यात न संपलेले युद्ध, तंबाखूच्या शेतावर भेटलेल्या मुलावरचे प्रेम, आणि त्या प्रदेशातल्या तरुण मुलांना वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने कसे गिळले तेही. मी आई म्हणून वाचत होते, त्यामुळे काही पाने मला पुस्तक मिटून ठेवावे लागावे इतकी जड गेली. त्यांची खरी आई त्या वर्षीच, नोव्हेंबर 2019 मध्ये, कर्करोगाने गेली. मुलाच्या काव्यवाचनाला ती येत असे. इंग्रजी कविता तिला कळत नसत, म्हणून ती खुर्ची फिरवून श्रोत्यांकडे तोंड करून बसे आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून मुलाची कविता वाचत असे. हे वुओंग यांनीच सांगितले आहे. त्यांच्या सर्व पुरस्कारांपेक्षा हे एक दृश्य मला जास्त काही सांगून गेले. आपले लेखन दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कसे उमटते ते पाहणे, ही गोष्ट एकट्याने खोलीत बसून साधत नाही, आणि शिकवणाऱ्या माणसाला ती रोज साधता येते.

तुझ्या हस्तलिखितावर प्रकाशकांनी दिलेला शेरा, कादंबरीत 'संघर्ष नाही' हा, तुला लागला आहे हे मला माहीत आहे. नोकरी सोडण्याच्या विचारामागे तो शेरा आहे, असे मला वाटते. तर हे ऐक. वुओंग यांनी पहिली कादंबरी रचताना नायक आणि विरोधी शक्ती यांच्या झटापटीवर कथा उभी करण्याचे प्रचलित वळण जाणूनबुजून टाळले आणि जपानीत 'किशोतेन्केत्सु' म्हणतात त्या चार पायऱ्यांच्या रचनेचा आधार घेतला: आरंभ, विस्तार, अनपेक्षित वळण आणि शेवटी सर्वांची सांगड. वळणावर काहीतरी वेगळेच, पहिल्याशी संबंध नसल्यासारखे येते आणि शेजारी ठेवल्यामुळेच त्याचा अर्थ उजळतो. ही रचना मुळात चीनमधल्या चार ओळींच्या कवितेतून आलेली आहे. कवी असल्यामुळे त्यांना कादंबरीचा वेगळा सांगाडा सुचला, असे म्हणायला त्यामुळेच जागा आहे. तू कविता लिहितेस आणि कादंबरी लिहायला बसलीस की कवितेला दाराबाहेर उभी करतेस. तुझ्या त्या दीडशे पानांत माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. नदीकाठच्या घरात पुराचे पाणी ओसरल्यावर सासू-सुना गाळ काढतात, त्या प्रकरणात दोघींचे भांडण नाही म्हणून ते कमकुवत ठरत नाही. तुला 2019 आणि 2021 चा कृष्णेचा पूर ठाऊक आहे आणि ते प्रकरण त्या माहितीवर उभे आहे. पुढच्या प्रकरणात प्रकाशकाला आवडावे म्हणून तू जो दिराचा वाटणीचा तंटा आणला आहेस, तो मात्र उपरा वाटतो. तो काढून पाहा.

आता शिकवण्याविषयी. लेखन शिकवता येते का, हा प्रश्न आपल्याकडे अजून भुवया उंचावून विचारला जातो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1936 मध्ये लेखनाची कार्यशाळा विद्यापीठीय शिक्षणाचा भाग म्हणून सुरू केली आणि पुढे देशभर तो नमुना पसरला. तिथल्या वर्गाची ढोबळ रीत अशी: डझनभर किंवा त्याहून कमी विद्यार्थी, एकाचे लेखन सर्वांना आधी वाचायला दिलेले, वर्गात त्यावर चर्चा आणि चर्चा चालू असताना लेखकाने गप्प राहायचे. गप्प राहण्याच्या या नियमावर अलीकडे तिकडेही बरीच टीका झाली आहे, आणि ती मला योग्य वाटते, कारण ज्याच्या घरची भाषा आणि जगणे वर्गातल्या इतरांना अनोळखी आहे त्याला गप्प बसवले तर वर्ग त्याला आपल्यासारखे करून टाकतो. पण मूळ गोष्ट मोलाची आहे: कच्च्या लेखनाकडे दहा माणसे आदराने आणि बारकाईने पाहतात. आयोवाच्याच आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात 1975 ते 1977 या काळात आपले कवी दिलीप चित्रे होते, तेव्हा मराठी लेखकाला हे जग अगदी अपरिचितही नाही.

आपल्याकडे लेखन शिकवणारे वर्ग नव्हते, पण शिकवणारी माणसे होती. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवोदितांच्या कथांवर सविस्तर पत्रे लिहून त्या परत पाठवत, पुन्हा लिहून घेत, पुन्हा वाचत. मराठी नवकथेचे किती तरी लेखक त्या पत्रांच्या शाळेत शिकले. 1982 मध्ये 'सत्यकथा' बंद झाले आणि ती शाळाही बहुतांशी मिटली. आपल्या सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर 1920 पासून शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते, जवळजवळ अठरा वर्षे, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या त्या मास्तरकीच्या काळातल्या आहेत. भालचंद्र नेमाडे तर वुओंग यांच्यासारखेच कवी आणि कादंबरीकार. 1963 मध्ये 'कोसला' आली, 1975 मध्ये 'बिढार', आणि 'कोसला'नंतर अनेक वर्षे ते शिकवत राहिले, गोव्यात, लंडनला, मुंबईत. पण नेमाडे सरांच्या पिढीने वर्गात साहित्य शिकवले. विद्यार्थ्याच्या वहीतली कच्ची कविता हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही सोय आपल्या विद्यापीठांनी त्यांना दिली नाही. मुलांना आपण भावार्थ लिहायला लावतो, रसग्रहण लिहायला लावतो आणि स्वतःचे काही लिहिले तर ते वार्षिक अंकापुरते. मी शाळेत आयुष्यभर मराठी शिकवले ते याच चौकटीत. तिच्यातही निबंधाच्या वहीत अचानक एखादे खरे वाक्य सापडे, आणि त्या मुलीला शेजारी बसवून हेच वाक्य का खरे आहे ते सांगताना मला भाषेविषयी जे कळले ते बी. एड.च्या पुस्तकांत नव्हते.

तू विचारशील की आई, तिकडच्या डझनभर विद्यार्थ्यांच्या वर्गाशी आणि पूर्ण पगाराशी माझ्या ऐंशी मुलांच्या वर्गाची आणि तासिकेच्या पैशांची तुलना कशी करतेस? ती मी करत नाही. हा अन्याय आहे आणि तो तू सोसत राहावास असे मी म्हणणार नाही. ज्या तासांत तू केवळ मार्गदर्शक पुस्तकातली उत्तरे उतरवून देतेस ते तास सोड. प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलीने दोन महाविद्यालयांत धावाधाव करून आठवड्याचे सगळे दिवस संपवावेत, हे मला आई म्हणून पाहवत नाही. एक महाविद्यालय सोड, एकच ठेव, सकाळचे तास घे. पैशांचे जे कमी पडेल ते माझ्या निवृत्तिवेतनातून दर महिन्याला येईल. ते उपकार म्हणून घेऊ नकोस आणि परत करण्याचा विषयही काढू नकोस. मात्र जे तास उरतील त्यांतला एक, महाविद्यालयाच्या वेळापत्रकाबाहेरचा का होईना, लिहिणाऱ्या मुलांसाठी ठेव. आठ-दहा मुले पुरेत. एकाचे लेखन आधी सर्वांना द्यायचे, सर्वांनी वाचून यायचे, आणि लेखकाला बोलू द्यायचे.

हे मी त्यांच्या भल्यासाठी जितके सांगते त्याहून तुझ्या कादंबरीसाठी सांगते. वुओंग यांची दुसरी कादंबरी जीव द्यायला निघालेला एकोणीस वर्षांचा मुलगा आणि स्मृती ढासळत चाललेली एक म्हातारी यांच्याविषयी आहे. मुलगा तिची शुश्रूषा करतो आणि साखळी उपाहारगृहात काम करतो. तिथल्या कामाचे, गणवेशाचे, थकव्याचे आणि सहकाऱ्यांच्या आपुलकीचे तपशील आले आहेत ते त्यांनी स्वतः तसली कामे केली म्हणून. कादंबरीला माणसे लागतात. तुझ्या खोलीत तू एकटी बसलीस तर पहिले सहा महिने आठवणींवर निघतील. पुढे काय? तुझ्या वर्गात जतचा मुलगा आहे ज्याच्या घरी उन्हाळाभर टँकरचे पाणी येते, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलगी आहे, आणि घरी मराठी न बोलणारीही दोन-तीन मुले आहेत असे तूच मागे लिहिले होतेस. ती मुले जे लिहितील ते उसने घेऊन तू कादंबरी लिहावीस असे मी सुचवत नाही, ते चुकीचेच होईल. पण त्यांच्या वाक्यांवर त्यांच्याबरोबर काम करताना तुझा कान तयार होईल, आणि आपल्या बोलीतले वाक्य कुठे श्वास घेते ते तुला कळेल.

घाईविषयी एकच सांगते. नॉर्वेतल्या ओस्लो शहराजवळच्या जंगलात 2014 मध्ये एक हजार झाडे लावली आहेत. दर वर्षी एक लेखक त्या प्रकल्पासाठी नवे लेखन देतो आणि ते सारे 2114 मध्ये त्या झाडांच्या कागदावर छापले जाणार आहे. 2020 सालासाठी वुओंग यांची निवड झाली. आपल्या हयातीत कोणीही वाचणार नाही असे काही लिहिण्याची तयारी ज्या माणसाची आहे, त्याच्याकडून तुला घ्यायचेच असेल तर हे घे. तुझ्या वयात त्यांचा पहिला संग्रहसुद्धा आला नव्हता. तू सव्वीस वर्षांची आहेस आणि कादंबरी या वर्षी पूर्ण झालीच पाहिजे असे लिहितेस, ते कोणाला दाखवण्यासाठी?

संक्रांतीला औदुंबरचे साहित्य संमेलन आहे. कवी सुधांशूंच्या गावातले हे संमेलन ग्रामीण भागात इतकी वर्षे चालू आहे याचे मला कौतुक वाटते, आणि तिथे नवे कवी मंचावर येऊन वाचतात. तू लहान असताना आम्ही तुला घेऊन जात असू. या वेळी श्रोत्यांत बसून राहू नकोस, नाव नोंदव आणि पुराच्या प्रकरणाच्या आधीची ती गाळाची कविता वाच. तुझ्या पत्रात तू ज्या मुलाविषयी लिहिलेस, ज्याने आईच्या भाजीच्या गाड्यावर कविता करून ती कोणाला दाखवू नका असे तुला बजावले, त्याला आणि त्या ऊसतोड मजुरांच्या मुलीला विचारून पाहा. दोघांची यायची तयारी असेल तर आदल्या दिवशी घेऊन ये. पलूसपर्यंत सगळ्यांनी एकत्र जाऊ. मुलाची सोय बाबांच्या खोलीत होईल आणि तुम्ही दोघी माझ्याकडे झोपाल. त्यांच्या घरच्यांशी बोलायचे असेल तर मला क्रमांक कळव, मी स्वतः फोन करीन. राजीनाम्याचे पत्र तोवर देऊ नकोस. कोणते महाविद्यालय ठेवायचे ते आपण वेळापत्रक समोर घेऊन ठरवू.

बाबांचे आशीर्वाद. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
आई